दुष्काळाची बातमी कोणाच्या भाषेत?

(शाखा पदाधिकाऱ्यांच्या अभ्यासवर्गात एका रेल्वे कामगार संघटनेच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



फलकावर आजचा विषय लिहिलेला आहे : "स्पॅनिश भाषेतील प्रसारमाध्यमे, दुष्काळ आणि जमिनीचा ऱ्हास". पेन्शन, रिकाम्या जागा आणि बदल्या सोडून सेक्रेटरीला आज स्पॅनिश कुठून सुचले, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. मी मॅट्रिक झालेला माणूस आहे आणि मला स्पॅनिश येत नाही. पण ती भाषा बोलणाऱ्या देशांतील कामगारांनी आणि शेतकऱ्यांनी दुष्काळाची बातमी आपल्या हातात कशी घेतली, हे वाचल्यापासून मला वाटू लागले की हा विषय आपल्या संघटनेचाही आहे. कसा, ते आता सांगतो.

आपण पाणी वाहून नेलेले लोक

दुष्काळ हा शेतकऱ्याचा प्रश्न, आपला काय संबंध, असे कोणी म्हणू नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली. कोट्याच्या कारखान्यात टँक वॅगन वाफेने धुऊन काढल्या. पहिल्या गाडीला दहा वॅगन होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वॅगनची गाडी सुरू झाली आणि एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी जाऊ लागले. जुलै २०१९ मध्ये जोलारपेट्टईहून चेन्नईला अशीच पन्नास वॅगनची गाडी सुरू झाली. वॅगन धुणारा, वॉल्व्ह तपासणारा, गाडी चालवणारा, सिग्नल देणारा आणि रूळ सांभाळणारा, असे सगळे आपलेच लोक होते.

आता त्या वेळच्या बातम्या आठवा. गाडीचे फोटो आले, पुढाऱ्यांचे फोटो आले, स्टेशनवरच्या गर्दीचे आले. पण लातूरवर ही वेळ का आली, पाणी कुठे गेले, कोणत्या पिकाने किती प्यायले, जमिनीत पाणी मुरेनासे का झाले, याची चर्चा त्या फोटोंच्या मानाने किती झाली? गाडी आली ही बातमी झाली. गाडी का आणावी लागली, ही बातमी मागे राहिली. माझ्या आजच्या भाषणाचा मुद्दा एवढाच आहे. दुष्काळाची बातमी कोण सांगतो, कोणत्या शब्दांत सांगतो आणि कोणासाठी सांगतो, यावर दुष्काळाचा उपाय ठरतो.

एक दिवस आणि सहा भाषा

दरवर्षी १७ जूनला जगभर वाळवंटीकरण आणि दुष्काळाविरोधी दिवस पाळतात. १९९४ मध्ये याच तारखेला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांचा यासंबंधीचा करार संमत झाला. १९९६ च्या डिसेंबरात तो अंमलात आला आणि त्याच महिन्यात भारताने त्याला मान्यता दिली. कराराचा मजकूर सहा भाषांत अधिकृत आहे : अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. त्यांपैकी स्पॅनिश ही सुमारे पन्नास कोटी लोकांची मातृभाषा आणि वीस देशांची राजभाषा आहे.

याचा व्यवहारातला अर्थ बघा. माद्रिदमध्ये एक पत्रक निघाले की ते मेक्सिकोतल्या शेतमजुराला, पेरूतल्या शिक्षकाला आणि अर्जेंटिनातल्या रेल्वे कामगाराला भाषांतराशिवाय वाचता येते. २०२२ चा १७ जूनचा मुख्य कार्यक्रम माद्रिदला झाला, २०२५ चा कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे झाला. स्पेनच्या भूमीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कोरड्या पट्ट्यात मोडतो. म्हणून त्या देशाने सेनेगलला बरोबर घेऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये दुष्काळाशी सामना करण्यासाठी देशांची एक आघाडी उभी केली. स्पॅनिश वृत्तसंस्था, रेडिओ आणि वर्तमानपत्रे यांच्यामार्फत हा सगळा मजकूर पसरतो.

पण भाषा हाताशी असली म्हणून बातमी माणसापर्यंत पोचतेच असे नाही. या करारातला मुख्य शब्द आहे वाळवंटीकरण. स्पॅनिशमध्ये त्याला देसेर्तिफिकासिओन म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटते की कुठले तरी वाळवंट सरकत सरकत आपल्या गावाकडे येत आहे. कराराचा अर्थ तसा नाही. कोरड्या आणि निमकोरड्या प्रदेशातली चांगली जमीन हवामानामुळे आणि माणसाच्या वागण्यामुळे कसदारपणा गमावते, त्याला तो शब्द आहे. उंट आणि वाळूचे ढीग डोळ्यांसमोर आणले की आपल्या बांधावरून वाहून जाणारी माती दिसत नाही.

आणि माध्यमांना चित्र हवे असते. स्पेनमध्ये कॅतालोनिया प्रांतात साऊ नावाचे धरण आहे. १९६० च्या दशकात ते बांधले तेव्हा एक जुने गाव पाण्याखाली गेले. २०२३ मध्ये पाणी इतके खाली गेले की त्या गावचे दगडी चर्च पूर्ण उघडे पडले. फोटो सगळ्या जगात छापून आले आणि बघ्यांची रीघ लागली. पुढे १ फेब्रुवारी २०२४ रोजी बार्सिलोना शहर आणि परिसरातल्या सुमारे साठ लाख लोकांसाठी पाण्याची आणीबाणी जाहीर झाली. त्याच बार्सिलोनाला २००८ मध्ये जहाजाने पाणी आणावे लागले होते. आपल्याकडे आगगाडी, त्यांच्याकडे जहाज. चर्चचा कळस बघायला गेलेल्या किती जणांनी धरणाखालच्या शेतमजुराला विचारले असेल की बाबा, तुझे या वर्षी किती दिवसांचे काम बुडाले?

रेडिओजवळ बसलेला माणूस

आता मी तुम्हाला जरा मागे नेतो. कोलंबियात आंदीज पर्वतात सुतातेन्सा नावाचे छोटे गाव आहे. १९४७ मध्ये तिथे होसे होआकीन साल्सेदो नावाच्या तरुण पाद्र्याने एक लहानसे रेडिओ केंद्र सुरू केले. डोंगरातले शेतकरी निरक्षर, वस्त्या दूरदूर, शाळा नाही. रेडिओवरून अक्षरओळख, हिशेब, आरोग्य आणि शेती शिकवायला सुरुवात झाली. जमिनीची धूप थांबवणे आणि झाडे लावणे हेही त्या धड्यांत होते. १९५८ पासून 'एल काम्पेसिनो' म्हणजे 'शेतकरी' नावाचे साप्ताहिक निघू लागले. ज्याला नुकतेच वाचता येऊ लागले, त्याच्या हातात वाचायला काही तरी पडावे, हा त्यामागचा विचार.

या कामाचे मर्म रेडिओच्या यंत्रात नव्हते. प्रत्येक वस्तीत एक थोडा शिकलेला शेजारी निवडलेला असे. धडा सुरू झाला की तो सगळ्यांना जमवायचा, फळ्यावर अक्षर काढायचा, "कळले का?" म्हणून विचारायचा. आवाज दूरचा, पण समजावून सांगणारा माणूस शेजारचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते केंद्र बंद पडले. पण तोपर्यंत लक्षावधी माणसे त्याच्याजवळ बसून शिकली होती. हा धडा मी तुमच्यासाठी राखून ठेवला आहे, कारण गावातले टपाल कार्यालय आणि स्टेशनवरची आपली शाखा यांच्याकडे तो शेजारचा माणूस आधीपासून आहे.

पगारातून उभे राहिलेले आवाज

दुसरे उदाहरण तर थेट आपल्या घरातले आहे. बोलिव्हियात कथिलाच्या खाणी होत्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या खाण कामगारांच्या संघटनांनी स्वतःची रेडिओ केंद्रे उभारली. पैसा कोणाचा? कामगारांनी पगारातून दिलेला. १९७० च्या दशकात अशी पंचवीसच्या आसपास केंद्रे होती. त्यांवर संघटनेच्या सभा ऐकवत, गाणी लावत, हरवलेल्या मुलाची खबर देत आणि खाणीतल्या अपघाताची बातमी मालकाच्या आधी सांगत. स्पॅनिशबरोबर केचुआ आणि आयमारा या लोकांच्या घरच्या भाषाही त्यांवर बोलल्या जात. लष्करी राजवटींनी ही केंद्रे पुन्हा पुन्हा फोडली. जुलै १९८० च्या लष्करी उठावात शहरातली केंद्रे गप्प झाली, तेव्हा खाण कामगारांच्या केंद्रांनी एकमेकांना जोडून साखळी केली आणि देशाला खबर देत राहिली. १९८५ नंतर सरकारी खाणी बंद होऊ लागल्या, वीस हजारांहून अधिक कामगारांची नोकरी गेली, आणि वर्गणी देणाराच उरला नाही तेव्हा बरीच केंद्रे मावळली.

त्याच खाणपट्ट्यात, ओरुरो भागात, पोपो नावाचे सरोवर होते. बोलिव्हियातले दुसऱ्या क्रमांकाचे मोठे. डिसेंबर २०१५ मध्ये ते आटल्याचे जाहीर झाले. पावसाने दगा दिला होता हे खरे. पण नदीचे पाणी वरच्या वर वळवले होते, खाणींचा गाळ येऊन साचला होता आणि डोंगरावरचे बर्फ कमी झाले होते, हेही तितकेच खरे. त्या सरोवरावर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या उरू लोकांच्या होड्या कोरड्या तळावर पडून राहिल्या. एखादे सरोवर काही एका रात्रीत आटत नाही. ते आटत असताना रोज कोणी तरी पाहत असतो. त्या पाहणाऱ्याच्या हातात स्वतःचा आवाज असला तर बातमी वेळेवर निघते. तो आवाज बंद पडला तर बातमी निघते ती सरोवराच्या मरणाची.

सेकीआ की साकेओ?

आता येतो स्पॅनिश भाषेतल्या एका घोषणेकडे. चिलीत पेतोर्का नावाचा प्रांत आहे. तिथे डोंगरउतारावर ॲव्होकॅडो या फळाच्या बागा हिरव्यागार दिसतात आणि खाली गावात लोक टँकरची वाट बघतात. चिलीत लष्करी राजवटीने १९८१ मध्ये पाण्याचा कायदा केला. त्याने पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा केला आणि तो विकत घेता-देता येऊ लागला. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे पाणी. त्यात २०१० पासून तिथे वर्षानुवर्षे पाऊस कमी पडत राहिला. मोदातिमा नावाच्या संघटनेने हा प्रश्न लावून धरला. तिचे पुढारी रोद्रिगो मुंदाका यांना २०१९ मध्ये न्यूरेंबर्गचा मानवी हक्क पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये ते वालपाराइसो विभागाचे निवडून आलेले गव्हर्नर झाले.

या लोकांच्या तोंडी एक घोषणा होती : "नो एस सेकीआ, एस साकेओ." सेकीआ म्हणजे दुष्काळ, साकेओ म्हणजे लूट. "हा दुष्काळ नाही, ही लूट आहे." त्यांच्या भाषेत दोन शब्दांचा नाद जुळतो, म्हणून ती शेंबड्या पोराच्याही तोंडी बसते. चार शब्दांत प्रश्न आभाळाकडून जमिनीवर येतो. पाऊस किती पडला, एवढ्यावर न थांबता लोक विचारू लागतात की पडलेले पाणी कोणाकडे गेले? चिलीने २०२२ मध्ये पाणी कायद्यात दुरुस्ती केली आणि माणसाच्या पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम दिला. हे एका घोषणेने झाले असे मी म्हणणार नाही. पण घोषणेने लोकांना बोलायला शब्द दिला.

हीच घोषणा २०२३ मध्ये उरुग्वेची राजधानी मोंतेविदेओच्या भिंतींवर दिसली. ही गोष्ट मी थोडी सविस्तर सांगतो, कारण तिच्या मध्यभागी एक कामगार संघटना आहे.

उरुग्वे हा चौतीस-पस्तीस लाख लोकवस्तीचा देश. हिरवागार आणि नद्यांचा. तिथे नळाचे पाणी सरकारी संस्था पुरवते, तिचे नाव ओसे. १९९० च्या दशकात मालदोनादो भागात काही ठिकाणी पाणीपुरवठा परदेशी कंपन्यांकडे गेला. खाजगीकरण पुढे सरकेल असे दिसू लागल्यावर ओसेच्या कामगारांचा महासंघ, शेजारच्या वस्त्यांचे रहिवासी आणि पर्यावरणाची काळजी करणारे लोक २००२ मध्ये एकत्र आले. त्यांनी सह्या गोळा केल्या, दारोदार फिरले, आणि ३१ ऑक्टोबर २००४ रोजी सार्वत्रिक निवडणुकीबरोबरच घटनादुरुस्तीवर लोकांचे मत घेतले गेले. सुमारे ६४ टक्के लोकांनी दुरुस्तीला कौल दिला. पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे आणि पाणीपुरवठा सरकारी संस्थेनेच करायचा, असे घटनेत लिहिले गेले. विचार करा, पाणी खात्यातला फिटर आणि मीटर वाचणारा यांनी देशाच्या घटनेत एक कलम घालून घेतले.

तरीही २०२३ उजाडले. लागोपाठ तीन वर्षे पाऊस कमी झाला होता. मोंतेविदेओला पाणी देणारे पासो सेव्हेरिनो धरण जुलैच्या सुरुवातीला जवळजवळ रिकामे झाले. ओसेने समुद्राजवळच्या रिओ दे ला प्लाता खाडीचे मचूळ पाणी नळाच्या पाण्यात मिसळायला सुरुवात केली. पाण्यात सोडियमची मर्यादा एका लिटरला २०० मिलिग्रॅम होती, ती तात्पुरती ४४० केली. लोकांच्या नळाला खारट पाणी आले. रक्तदाबाच्या रोग्यांना ते पिऊ नका म्हणून सांगितले. ज्याला परवडले त्याने बाटलीचे पाणी घेतले, ज्याला परवडले नाही त्याने खारट पाण्यातच वरण-भात शिजवला म्हणा. १९ जूनला राष्ट्राध्यक्षांनी पाण्याची आणीबाणी जाहीर केली, ती पावसानंतर ऑगस्टमध्ये उठली.

या काळात सरकारी निवेदने येत होती, वर्तमानपत्रांत धरणाचे आकडे येत होते. ओसेच्या कामगार संघटनेने त्यांच्या शेजारी आपला हिशेब मांडला. शुद्ध केलेल्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी ग्राहकाच्या बिलावर येतच नाही. ते गळतीत आणि बेहिशेबी जाते. गळती दुरुस्त करायला माणसे हवीत, पण २०२० पासून सरकारी धोरण असे होते की तीन जागा रिकाम्या झाल्या तर एकच भरायची. हे ऐकून तुम्हाला आपल्या खात्याची आठवण झाली असेल, मला काही बोलायची गरज नाही. दुष्काळाच्या बातमीत रिकाम्या जागांची बातमी लपलेली असते, आणि ती फक्त त्या खात्यातला कामगारच सांगू शकतो. पत्रकाराला धरणाची भेग दिसते. पाइपची भेग दिसते ती फिटरला.

घोषणा आणि हिशेब

मित्रहो, इथे एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. "हा दुष्काळ नाही" हे वाक्य शब्दशः घेतले तर खोटे आहे. दुष्काळ होता. २०२० ते २०२३ अशी तीन वर्षे प्रशांत महासागरात ला निना ही स्थिती टिकून राहिली. तिने दक्षिण अमेरिकेच्या त्या भागातला पाऊस घटवला. आपण लोकांना सांगितले की पाऊस पडलाच होता, तर पर्जन्यमापक आपल्याला खोटे ठरवील आणि मग आपल्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. घोषणा मोर्चात द्यायची. सभेत आणि पत्रकात पूर्ण हिशेब द्यायचा : आभाळाने किती कमी दिले, धरणाने किती साठवले, गळतीत किती गेले, कोणत्या धंद्याने किती उचलले आणि घरात किती आले. मागणीपत्रात आपण महागाई भत्त्याचा आकडा दशांशापर्यंत तपासतो, तीच शिस्त इथेही हवी.

आणि हिशेबात जमीन विसरायची नाही. उरुग्वेतच याचे चांगले उदाहरण आहे. सोयाबीनचे पीक तिथे झपाट्याने वाढले आणि उताराची माती वाहू लागली. माती राखण्याचा कायदा १९८१ पासून होता, तो २००९ मध्ये कडक केला, आणि २०१३ पासून धान्य पिकवणाऱ्या मोठ्या शेतकऱ्यांना जमीन वापराचा आराखडा सरकारला द्यावा लागतो. कोणत्या शेतात कोणत्या क्रमाने कोणती पिके घेणार, त्यात माती किती वाहील आणि ती मर्यादेत बसते का, हे शेतीतज्ज्ञाच्या सहीने. जमीन मालकाची असली तरी माती देशाची आहे, हा त्यातला विचार. माती गेली की पाणी मुरत नाही. पाणी मुरले नाही की चांगल्या पावसाच्या वर्षीही मार्चमध्ये विहीर तळ दाखवते. दुष्काळ आणि जमिनीचा ऱ्हास हे असे एकाच दोरीचे दोन पीळ आहेत.

आपल्या भाषेत

आपल्या देशाचा आकडा सांगतो. इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने उपग्रहाच्या चित्रांवरून २०१८-१९ चा नकाशा केला. त्यानुसार भारतातली सुमारे ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन ऱ्हासाच्या वाटेवर आहे, म्हणजे देशाच्या भूभागाचा जवळजवळ ३० टक्के. सप्टेंबर २०१९ मध्ये या कराराची जागतिक परिषद आपल्याच देशात, ग्रेटर नोएडा येथे भरली आणि २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर जमीन सुधारण्याचे वचन भारताने दिले. आपल्यापैकी किती जणांनी हे वचन मराठीत वाचले आहे?

मराठीत शब्दांची वाण नाही. सरकारी कागदात "भूमी अवनती" आणि "वाळवंटीकरण" असते. सांगली-कोल्हापूरकडचा शेतकरी म्हणतो, "जमीन चिबड झाली", म्हणजे पाणी साचून नासली. "चोपण झाली", म्हणजे क्षार चढले. "माती धुपली", "विहीर आटली", "बोअर कोरडी गेली" असे आपण घरात बोलतो. वाळवंट शब्द ऐकून माणूस मान हलवतो आणि विसरतो. चोपण शब्द ऐकला की तो विचारतो, "कोणाच्या शेतात?" बातमी पोचली, याची खूण हा प्रश्न.

आपण मराठी कामगार देशभर विखुरलेले आहोत. कोणी इटारसीला, कोणी हुबळीला, कोणी सिकंदराबादला. घर एका दुष्काळात, नोकरी दुसऱ्या. म्हणून हा प्रश्न आपल्याला दोन्हीकडून कळतो. रूळ सांभाळणारा ट्रॅक मेंटेनर रोज कित्येक किलोमीटर चालतो. कोणता नाला कधी आटला आणि पहिल्या पावसात कुठली माती रुळावर आली, हे त्याला ठाऊक असते. फाटकावरच्या गेटमनला माहीत असते की टँकर कोणत्या गावाला किती वेळा जातो. ग्रामीण डाक सेवकाला माहीत असते की कोणत्या घराला कुलूप लागले आणि माणसे ऊसतोडीला किंवा शहराला गेली. इतके बातमीदार कोणत्या वर्तमानपत्राकडे आहेत?

करावयाची कामे

केवळ भाषण करून मी खाली बसणार नाही. या अभ्यासवर्गापुढे चार सूचना ठेवतो.

पहिली. प्रत्येक शाखेने एक साधी वही ठेवावी. महिन्यातून एकदा त्यात लिहायचे : क्वार्टरला पाणी किती दिवसांनी आले, गँगच्या खोलीवर आणि फाटकावर प्यायला पाणी होते का, टपाल कार्यालयाच्या विहिरीची किंवा बोअरची स्थिती काय, टँकर किती वेळा आला. तारीख, जागा आणि लिहिणाऱ्याची सही. ओसेच्या कामगारांचे म्हणणे लोकांनी ऐकले ते त्यांच्याकडे आतला हिशेब होता म्हणून. उन्हाळ्यात रुळावर काम करणाऱ्याला पिण्याचे पाणी मिळावे, ही मागणी घेऊन जाताना ही वही आपल्या हातात असली पाहिजे.

दुसरी. दरवर्षी १७ जूनला शाखेच्या फलकावर मराठीत एक पानाचे पत्रक लागावे. त्यात वरच्या वहीतले आकडे, आपल्या भागातल्या पावसाचा आणि धरणाचा आकडा, आणि आपल्या रोजच्या भाषेतले शब्द. जिथे स्थानिक भाषा कन्नड, तेलुगू किंवा हिंदी आहे तिथे त्या भाषेतही, कारण पाण्याच्या रांगेत आपण एकटे मराठी नसतो. बोलिव्हियाच्या खाण कामगारांनी तेच केले.

तिसरी. फलक लावून काम संपत नाही. सुतातेन्साचा धडा लक्षात ठेवा. प्रत्येक शाखेत एका सभासदाने ते पत्रक मोठ्याने वाचावे आणि "कळले का?" म्हणून विचारावे. आणि प्रत्येकाने एक पोस्टकार्ड आपल्या या नियतकालिकाच्या मराठी विभागाला लिहावे, चार ओळींचे. टपाल खात्याने २००२ मध्ये मेघदूत पोस्टकार्ड काढले, पत्त्याच्या बाजूला जाहिरात छापून पंचवीस पैशांना दिले. म्हणजे पोस्टकार्ड हे प्रचाराचे साधन आहे, हे खात्याने स्वतःच दाखवले. आपण आपली बाजू त्यावर लिहू.

चौथी सूचना टपाल खात्यातल्या भावांसाठी, आणि ती अटीची आहे. खेड्यापर्यंत माहिती पोचवायची म्हटले की सगळ्यांना ग्रामीण डाक सेवक आठवतो. त्याला अजून पूर्ण नोकराचा दर्जा नाही, पण कामे मात्र वाढत जातात. दुष्काळाची माहिती गोळा करण्याचे किंवा वाटण्याचे काम कोणी त्याच्यावर टाकणार असेल तर त्याचा वेळ मोजला गेला पाहिजे आणि मोबदला मिळाला पाहिजे. संघटनेचे सभासद म्हणून आपण आपल्या खुशीने लिहितो ते वेगळे. फुकटच्या कामाला समाजसेवेचे नाव देऊन कोणी आणले तर ते आपण स्वीकारणार नाही.

बंधू-भगिनींनो, डिसेंबर २०२४ मध्ये रियाधला या कराराची जागतिक परिषद झाली. दुष्काळावर सर्व देशांना बांधील असा जाहीरनामा करायचा की नाही, यावर एकमत झाले नाही आणि निर्णय पुढे गेला. मोठ्या सभागृहात असे होतच राहील. तोवर उन्हाळे यायचे थांबणार नाहीत आणि पाण्याच्या गाड्या पुन्हा लागल्या तर त्या आपल्यालाच न्यायच्या आहेत. त्या वेळी गाडीबरोबर तिच्यामागचा हिशेबही गेला पाहिजे, आणि तो लिहिणारा हात आपला असला पाहिजे. वही पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून सुरू करा. पहिल्या तीन महिन्यांच्या नोंदी शाखा सचिवांनी माझ्याकडे पाठवाव्यात. त्या एकत्र करून याच पानांत छापण्याची विनंती मी संपादकांना करणार आहे.



कामगार एकजुटीचा विजय असो!